मागच्या सीटवरचं लेकरू

मूल गाडीत झोपलंय, औषधाचं दुकान समोरच आहे आणि घ्यायची आहे एकच बाटली. मुलाला उठवायचं म्हणजे पट्टा सोडा, रडणं ओढवून घ्या, भर उन्हात कडेवर घेऊन रस्ता ओलांडा. त्यापेक्षा काच बोटभर खाली करून, नाहीतर एसी चालू ठेवून, पटकन जाऊन यावं का? ज्या घरात गाडी आणि लहान मूल दोन्ही आहेत, तिथे हा प्रश्न कधी ना कधी येतोच. आमच्या घरी तो मे महिन्यात आला. त्यावरून ताई आणि वहिनी यांच्यात जे बोलणं झालं ते इथे मांडावंसं वाटतं, कारण वाद जिथून सुरू झाला तिथून तो फार वेगळ्या जागी जाऊन पोचला.

ताई नागपूरची. लहान मुलांच्या वॉर्डात नर्स म्हणून तिची सगळी नोकरी झाली. वहिनी म्हणजे दादाची बायको. ती टेक्सासमध्ये ह्यूस्टनजवळ राहते, दोन्ही मुलं तिथेच लहानाची मोठी झाली. एकीनं उन्हानं भाजलेली मुलं वॉर्डात पाहिली आहेत. दुसरीनं आयांकडे संशयानं बघणारा समाज पाहिला आहे. दोघींचाही राग खरा आहे.

ताई : यात चर्चा करण्यासारखं काही आहे असं मला वाटतच नाही. लेकरू गाडीत एकटं ठेवायचं नाही, बस्स. दोन मिनिटं नाही, एक मिनिट नाही.

वहिनी : टेक्सासचा कायदासुद्धा इतका कडक नाही, ताई. तिथे ७ वर्षांखालचं मूल ५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ गाडीत ठेवलं आणि सोबत निदान १४ वर्षांचं कुणी नसलं, तर गुन्हा होतो. म्हणजे ५ मिनिटांची मुभा कायद्यानंच दिलीय. आईला तेवढी अक्कल आहे असं कायदा धरून चालतो. तुम्ही तेवढंही धरायला तयार नाही.

ताई : अक्कल आहे हो, पण घड्याळ कुठे असतं तिच्याकडे? दुकानात शिरल्यावर पुढे दोन गिऱ्हाइकं असतात. सुटे नसतात. फोनवरून पैसे जात नाहीत, चक्र गोल गोल फिरत बसतं. तेवढ्यात कुणी ओळखीचं भेटतं, ‘अगंबाई, किती दिवसांनी!’ दोन मिनिटांत येते म्हणून गेलेली बाई बारा मिनिटांनी येते आणि तिला मनापासून वाटत असतं की दोनच मिनिटं झाली. बाई खोटं बोलत नाही. पण त्या बारा मिनिटांत गाडीत काय झालं ते मी वॉर्डात बघायची.

वहिनी : बारा मिनिटांत?

ताई : बारा मिनिटांत जीव जातो असं नाही म्हणत मी. पण तापणं तेव्हाच सुरू झालेलं असतं, आणि आपल्याला वाटतं त्यापेक्षा कितीतरी वेगानं. लेकराचं शरीर मोठ्या माणसाच्या तीन ते पाच पट वेगानं तापतं. वजनाच्या मानानं कातडी जास्त, घाम कमी, आणि स्वतः उठून दार उघडता येत नाही. अंगातलं तापमान ४० अंशांच्या वर गेलं की मेंदू गोंधळायला लागतो. आधी रडतं, मग गप्प होतं. आईला वाटतं, झोपलं. खिडकीतून बघणाऱ्यालाही तेच वाटतं. वॉर्डात आलेलं असं मूल हातात घेतलं की कळायचं, अंग कोरडं आणि रसरसलेलं. झटके येत असायचे. मग कपडे काढा, थंड पाणी ओता, मानेला, काखेत, जांघेत बर्फ लावा, पंखा जवळ ओढा. पॅरासिटामॉल तिथे काही करत नाही, कारण तो ताप नसतोच. 

ताईच्या बोलण्याला मोजमापांचा आधार आहे, आणि ती मोजमापं मला कुठल्याही उपदेशापेक्षा जास्त अस्वस्थ करतात. २००५ साली ‘पेडिॲट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतला एक अभ्यास छापून आला. लख्ख उन्हाच्या १६ दिवशी बंद गाडीतलं तापमान मोजलं होतं. बाहेर कधी २२ अंश, कधी ३६. तासाभरात गाडीतलं तापमान बाहेरच्यापेक्षा सरासरी २२ अंशांनी चढलं आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच दीड इंच खाली ठेवून पाहिली, तरी फारसा फरक पडला नाही.

बाहेर २२ अंश म्हणजे नागपुरात लोक स्वेटर काढायचा की नाही याचा विचार करतात. त्या हवेतसुद्धा उन्हातली बंद गाडी तासाभरात चाळिशी ओलांडते.

२०१८ साली ॲरिझोनातल्या टेंपी शहरात आणखी एक अभ्यास झाला. तिथला उन्हाळा विदर्भाची आठवण करून देणारा, दुपारी ३८ अंशांच्या वर. तासभर उन्हात उभ्या गाडीत हवा सरासरी ४७ अंशांच्या घरात गेली, डॅशबोर्ड ६९, सीट ५० च्या आसपास. सावलीतल्या गाडीत हवा ३८ पर्यंत. संशोधकांनी हिशेब मांडला तो दोन वर्षांच्या मुलाचा. उन्हातल्या गाडीत त्याच्या अंगातलं तापमान तासाभरात ४० ला पोचेल. सावलीतल्या गाडीत पोचायला दोन तासांहून थोडा कमी वेळ लागेल. म्हणजे झाडाखाली लावलेली गाडी उशीर करते, एवढंच.

आपल्याकडे एक गैरसमज पक्का आहे. बंद गाडीत मूल गुदमरतं, हवा संपते, म्हणून काच थोडी उघडी ठेवली की झालं, असं भलेभले शिकलेले लोक मानतात. गाडी काही हवाबंद डबा नसते, हवा संपायला बराच वेळ लागतो. त्याच्या कितीतरी आधी उष्णता आपलं काम करते. काचेतून ऊन आत येतं, डॅशबोर्ड आणि सीट ते पितात, तापतात आणि आतली हवा तापवतात. ती उष्णता बोटभर फटीतून बाहेर जात नाही. हे खरं वाटत नसेल तर दुपारी उन्हात उभ्या असलेल्या गाडीत मुलाच्या सीटच्या बकलाला बोट लावून बघावं. ते धातूचं बकल मुलाच्या पोटाशी, नाहीतर मांड्यांच्या मध्ये येतं. मोठं माणूस हात झटकून मागे घेतं. मुलाला त्याच बकलानं बांधलेलं असतं.

वहिनीनं हे सगळं ऐकून घेतलं. ती टेक्सासची आहे, उन्हाळा तिला नवा नाही.

वहिनी : उन्हाबद्दल माझा वाद नाहीच. मी मेमधल्या दुपारबद्दल बोलत नाहीये. पण तिकडे गोष्ट उन्हापुरती राहिलेली नाही. किम ब्रूक्स म्हणून एक लेखिका आहे. २०११ मध्ये व्हर्जिनियात तिनं चार वर्षांच्या मुलाला काही मिनिटं गाडीत ठेवलं आणि दुकानात गेली. हवा थंड होती, मुलगा हट्ट करून गाडीतच बसला होता. बघणाऱ्या कुणीतरी व्हिडिओ काढला आणि पोलिसांना कळवलं. मुलाला काहीही झालं नव्हतं. तरी तिच्यामागे खटला लागला, १०० तास समाजसेवा करावी लागली, आई कसं व्हावं याचे वर्ग करावे लागले. पुढे तिनं त्यावर ‘स्मॉल ॲनिमल्स’ नावाचं पुस्तक लिहिलं. व्हिडिओ काढणारा माणूस गाडीशेजारी दोन मिनिटं उभा राहिला असता, तर त्याला स्वतःला दिसलं असतं की मूल मजेत आहे.

ताई : त्याला मुलाची काळजी वाटली असेल.

वहिनी : काळजी वाटणारा माणूस खिडकीवर टकटक करतो. ताई, कॅलिफोर्नियात अर्व्हाइनच्या विद्यापीठातल्या तिघा संशोधकांनी २०१६ मध्ये याचाच अभ्यास केला. लोकांना गोष्टी वाचायला दिल्या. मूल तेवढंच, वेळ तेवढाच, जागा तीच. फरक फक्त आई का गेली एवढाच. एका गोष्टीत तिला गाडीनं धडक दिली म्हणून ती बेशुद्ध पडली आणि मूल एकटं राहिलं. दुसरीत ती कामाला गेली. आणखी एकीत प्रियकराला भेटायला गेली. मग विचारलं, मुलाला धोका किती? प्रियकराकडे गेलेल्या आईच्या मुलाला लोकांनी सगळ्यात जास्त धोका सांगितला. मुलाला कुठे ठाऊक होतं आई कुठे गेलीय ते! आणि बाप कामाला गेला असेल तर लोकांना तो जवळजवळ अपघातच वाटला. आई कामाला गेली की धोका वाढला. मला चीड येते ती याची. लोक मुलाचा धोका मोजत नाहीत, आईचं चारित्र्य मोजतात.

ताई गप्प झाली. वॉर्डाच्या दाराशी उभं राहून ‘आई काय करत होती?’ असं विचारणारे नातेवाईक तिनं पुष्कळ पाहिलेत. ‘बाप कुठे होता?’ हा प्रश्न तिथे सहसा निघत नाही.

वहिनी : शिवाय, मुलाला जपायचंच म्हणताय तर गाडी चालतीच करायला नको. अमेरिकेत दरवर्षी १४ वर्षांपर्यंतची हजाराहून जास्त मुलं रस्त्यावरच्या अपघातांत जातात. उभ्या गाडीत उष्माघातानं जाणारी सरासरी ३७-३८. दुकानापर्यंत गाडीनं नेण्यात धोका आहे, तो आपण रोज पत्करतो आणि कुणी पोलीस बोलवत नाही.

ताई : रस्त्यावर दुसऱ्याची चूक असते, खड्डा असतो, ट्रक असतो. इथे फक्त दार उघडून लेकरू उचलायचं असतं. जो धोका टाळायला एवढंच लागतं, त्याची तुलना त्या अपघातांशी करू नका.

वहिनी : आणि एसी चालू ठेवला तर?

ताई : मग तर जास्तच भीती. गाडी चालू, किल्ली आत, चालकाच्या सीटवर कुणी नाही आणि मागे चार वर्षांचं पोरगं. ते काय गप्प बसणार आहे? पुढे येतं, गिअर ओढतं, काचेचं बटण दाबून मान बाहेर काढतं. किल्लीवरचं लॉकचं बटण दाबलं की सगळी दारं बंद, आणि किल्ली आत. इंजिन बंद पडलं की एसी बंद. बंद गॅरेजात गाडी चालू ठेवली तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड वेगळाच.

ताईला कायद्याचा आधार माहीत नव्हता, पण तो आहे. आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे, चालकाच्या सीटवर परवानाधारक माणूस नसेल तर सार्वजनिक जागी गाडी इंजिन बंद करून, ब्रेक लावूनच उभी करायची असते. मुलाचा विचार या कलमात नाही. पण एसी चालू ठेवून दुकानात जाणारा प्रत्येक जण ते मोडतो. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात मात्र मूल आणि किल्ली यांची सांगड उघड घातली आहे. तिथे ६ वर्षांपर्यंतच्या मुलाला, किल्ली गाडीला लावलेली असताना किंवा इंजिन चालू असताना, निदान १२ वर्षांच्या सोबतीशिवाय ठेवता येत नाही.

वहिनीनं मग बाजू बदलली. इथे भारतात आजूबाजूला किती माणसं असतात, असं ती म्हणाली. वॉचमन, भाजीवाला, शेजारचे काका. कुणाचं तरी लक्ष असतंच. तिकडच्या पार्किंगमध्ये चिटपाखरू नसतं.

ताई : कोट्याचं आठवतं? २०२४ चा मे महिना. राजस्थानात कोट्याजवळ एक कुटुंब लग्नाला गेलं. आई मोठ्या मुलीला घेऊन मांडवाशी उतरली. बाप गाडी लावायला गेला. आईला वाटलं धाकटी बापाजवळ आहे, बापाला वाटलं आईबरोबर गेली. तीन वर्षांची पोर गाडीतच राहिली. मांडवात शेकड्यानं माणसं, आणि दोन तास कुणाला पत्ता नाही. आपल्या लग्नांत काय असतं, वहिनी? ‘कुणाच्या तरी कडेवर असेल.’ सगळ्यांच्या कडेवर म्हणजे कुणाच्याच कडेवर नाही.

वहिनी : मग मला सांगा, ते आईबाप निष्काळजी होते का?

ताई : होतेच की. पोटचं पोर कुणी विसरतं?

इथे मला वाद उलटा झालेला दिसला. उन्हाबद्दल ज्या ताईचं एकेक वाक्य खरं होतं, ती माणसाच्या मनाबद्दल मात्र चुकत होती. आणि वहिनी, जी इतका वेळ ‘आईला अक्कल असते’ म्हणत होती, ती आता नेमकं उलट सांगू लागली.

वहिनी : विसरतं, ताई. चांगलं माणूस विसरतं. जीन वाइनगार्टन नावाच्या पत्रकारानं २००९ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये यावर मोठा लेख लिहिला. त्याला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं. गाडीत मूल विसरलेल्या आईबापांना तो भेटला. त्यानं दिलेली त्यांच्या व्यवसायांची यादी वाचवत नाही. दंतवैद्य, पोलीस, प्राध्यापक, अवकाशशास्त्रज्ञ. बालरोगतज्ज्ञ. आणि नर्स.

ताई : नर्स?

वहिनी : नर्स. डेव्हिड डायमंड म्हणून फ्लोरिडातले मेंदूशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी याची कारणं शोधली आहेत. रोज आपण त्याच रस्त्यानं ऑफिसला जातो. तो रस्ता हातापायांना पाठ असतो, मेंदूचा एक भाग आपलं आपण चालवून नेतो. आज वाटेत पाळणाघराशी थांबायचंय, ही गोष्ट दुसऱ्या भागानं लक्षात ठेवायची असते. रात्री झोप झालेली नसते, ऑफिसचा फोन येतो, मूल मागे झोपी जातं, आवाज नाही. सवयीचा भाग पुढे येतो आणि गाडी सरळ ऑफिसच्या दारात जाते. सगळ्यात भयंकर म्हणजे, त्या माणसाला मनापासून वाटत असतं की आपण मुलाला पाळणाघरात सोडलं. अमेरिकेत अशा विसरलेल्या मुलांच्या बाबतीत जवळपास निम्म्या वेळी मोठं माणूस मुलाला पाळणाघरात किंवा शाळेतच सोडायला निघालेलं असतं. आणि १९९० च्या दशकात पुढच्या सीटला एअरबॅग आल्या, त्या फुगल्या की लहान मुलाला इजा करतात म्हणून मुलं मागे गेली. अगदी तान्ही तर तोंड मागे करून. मुलं वाचावीत म्हणूनच केलं आणि बरोबरच केलं. पण चालवणाऱ्याला आता मागे मूल आहे की रिकामी सीट, हे दिसतच नाही.

तिनं शेवटी आणखी एक गोष्ट सांगितली ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. अमेरिकेत १९९८ पासून सुमारे हजार मुलं तापलेल्या गाडीत गेली. त्यांतली निम्म्याहून थोडी जास्त मुलं मोठ्या माणसांनी विसरलेली होती. साधारण पाव हिस्सा मुलं स्वतःच गाडीत शिरली होती. जाणूनबुजून ठेवून गेलेली पाचातली एक. आपण भांडतो ते या पाचातल्या एकावरून.

ताई बराच वेळ बोलली नाही. मग तिनं जे सांगितलं ते तिच्या तोंडून ऐकण्यात वजन होतं. ऑपरेशन थिएटरमध्ये पोट शिवण्याआधी गॉजचे तुकडे मोजतात. आत गेले किती, बाहेर आले किती, मोठ्यानं. सर्जन कितीही नावाजलेला असो, मोजणी टळत नाही. तिथल्या सिस्टरला कुणी ‘तू विसरभोळी आहेस म्हणून मोजतोय’ असं म्हणत नाही. माणसाचा हात कामात असला की मन सुटतं, हे सगळ्यांनी मान्य केलेलं असतं, म्हणून मोजायचं.

ताई : मग गाडीतही मोजा. मी हेच म्हणेन. पर्स मागे ठेवा, डाव्या पायातली चप्पल मागे काढून ठेवा, काय वाटेल ते करा. पण उतरताना मागचं दार उघडल्याशिवाय गाडी सोडायची नाही. गाडीत मूल नसलं तरी उघडायचं.

जपाननं हे बसमध्ये सक्तीचं करून दाखवलं आहे. २०२१ साली फुकुओकात आणि २०२२ साली शिझुओकात बालवाडीच्या बसमध्ये एकेक मूल विसरलं गेलं आणि दगावलं. एप्रिल २०२३ पासून तिथे अशा बसमध्ये सुरक्षा यंत्र बसवावं लागतं. त्यातल्या एका प्रकारात इंजिन बंद केलं की ते वाजू लागतं, आणि ते थांबवायचं बटण मागच्या बाजूला असतं. चालकाला उठून शेवटच्या सीटपर्यंत चालत जावंच लागतं. इटलीत चार वर्षांखालच्या मुलासाठी गाडीत आठवण करून देणारं यंत्र २०१९ च्या नोव्हेंबरपासून सक्तीचं आहे. आपल्याकडे स्कूल व्हॅनमध्ये दाटीवाटीनं मुलं बसतात, व्हॅनवाले काका तीन फेऱ्या मारतात, आणि सकाळची झोप अपुरी असलेलं पहिलीतलं मूल मागच्या सीटवर आडवं होतं. तिथे यंत्राची वाट बघायची गरज नाही. शेवटचं मूल उतरल्यावर काकांनी मागपर्यंत एकदा जाऊन यावं, असं पालकांनी ठरवून घ्यायला एक पैसाही लागत नाही. शाळेनं त्याच वेळी ‘आज आला नाही का?’ असा फोन करायचा ठरवला तर आणखी एक कडी जोडली जाते.

इथपर्यंत दोघींचं बरंचसं जुळलं होतं. पण मला राहून राहून वाटत होतं की आपण अजून गाडीवाल्यांच्याच मुलांबद्दल बोलतोय. नागपुरात बसून ते पुरेसं नव्हतं.

जून २०२३ मध्ये नागपूरच्या पाचपावली भागातल्या फारुख नगरात तीन लहान मुलं शनिवारी खेळता खेळता दिसेनाशी झाली. सगळीकडे शोध चालू होता. दुसऱ्या दिवशी ती घराजवळच उभ्या असलेल्या एका गाडीत मृतावस्थेत सापडली. एप्रिल २०२४ मध्ये मुंबईत अँटॉप हिलला सात आणि पाच वर्षांची भावंडं तशीच एका जुन्या उभ्या गाडीत सापडली. नोव्हेंबर २०२४ मध्ये गुजरातेत अमरेली जिल्ह्यात शेतमजुरांची चार मुलं, आईबाप शेतावर गेलेले, मालकाच्या गाडीत खेळायला शिरली. मे २०२५ मध्ये आंध्रात विजयनगरमजवळ आणखी चार. या मुलांना गाडीत कुणी ठेवलं नव्हतं. दोन मिनिटांत येते म्हणून कुणी गेलं नव्हतं. गाडी त्यांच्या आईबापांची नव्हती. दार उघडं होतं, किंवा लॉक लागत नव्हतं, आणि आत स्टिअरिंग होतं, जे फिरवायला कुठल्याही मुलाला आवडतं.

ताई म्हणाली, फारुख नगरच्या वेळी लोक हेच विचारत होते, मुलांना बाहेर पडता कसं आलं नाही? मी तिला गाडीचं मागचं दार उघडून दाखवलं. दाराच्या कडेला, कुलपाच्या जवळ, नखाएवढी एक खिट्टी असते. दार लावलं की ती दिसत नाही. ती एका बाजूला सरकवलेली असेल तर मागचं दार आतून उघडतच नाही, कितीही ओढा. हेच चाइल्ड लॉक. चालत्या गाडीतून मूल पडू नये म्हणून केलेली ही सोय, उभ्या गाडीत शिरलेल्या मुलाला कोंडते. पुढचं दार आतून उघडतं, पण त्यासाठी पुढे जायचं सुचलं पाहिजे, आणि काही गाड्यांत हँडल दोनदा ओढावं लागतं. पाच वर्षांच्या घाबरलेल्या मुलाला तापलेल्या गाडीत ते सुचेल असं धरून चालता येत नाही. अमेरिकेत १९९८ च्या उन्हाळ्यात काही आठवड्यांत ११ मुलं डिक्कीत कोंडून गेली. त्यानंतर डिक्की आतून उघडणारी, अंधारात चमकणारी खिट्टी तिथल्या नव्या गाड्यांना बंधनकारक झाली.

वहिनी : म्हणजे गाडी ज्याची, त्यानं लॉक करायची. मूल त्याचं असो नसो.

ताई : आणि भंगार गाडी तर गल्लीत उभीच करायची नाही. टायर गेलेली, काच फुटलेली, महिनोन्महिने धूळ खात पडलेली. वॉर्डातल्या नगरसेवकाला, वाहतूक पोलिसाला सांगा, महापालिकेला कळवा. सोसायटीत पार्किंगच्या जागेवरून तासन् तास भांडणं होतात. उभ्या गाड्यांची दारं तपासा असं तिथे कुणी म्हणत नाही. आणि मूल सापडत नसेल तर विहीर, टाकी आणि गाड्या, तिन्ही आधी बघा. शेजाऱ्यांच्या गाड्यांच्या डिक्क्यासुद्धा. बाकीचं सगळं नंतर.

मग प्रश्न आला तो शेवटचा, आणि त्यावर दोघींचं एकमत झालं नाही. समजा उन्हात उभ्या गाडीत मूल दिसलं, तर?

ताई : काच फोडायची. आधी दार ओढून बघायचं, मालकाला हाक मारायची, कुणाला तरी ११२ लावायला सांगायचं. मूल गप्प असेल, घाम नसेल, डोळे फिरत असतील तर वाट बघायची नाही. मुलापासून सगळ्यात लांबची बाजूची काच, तीही कोपऱ्यात मारायची, मधोमध नाही. बाहेर काढून सावलीत न्यायचं, कपडे सैल करायचे, अंगावर पाणी ओतायचं, १०८ बोलवायची. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

मी सांगितलं की मोठी हानी टाळायला सद्भावनेनं केलेली लहान हानी गुन्हा धरत नाहीत. पूर्वी ते भारतीय दंड संहितेच्या कलम ८१ मध्ये होतं, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १९ मध्ये आहे. ताईला त्याची गरज वाटली नाही.

वहिनी : आणि मूल शुद्धीत असेल, काचेतून हसत असेल, हवा बरी असेल तर?

ताई : तर मी गाडीशी उभी राहीन, आई येईपर्यंत.

वहिनी : व्हिडिओ काढणार?

ताई : नाही. पण ती आली की विचारीन. आणि दुसऱ्यांदा तीच बाई तसंच करताना दिसली, तर पोलिसांत जाईन. बाल न्याय कायद्याचं कलम ७५ आहे ना. मुलाला त्रास होईल असं जाणूनबुजून दुर्लक्ष केलं, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखभर दंड, नाहीतर दोन्ही.

वहिनी : ते कलम मुलाला छळणाऱ्यांसाठी आहे, ताई. तीन मुलं, नवरा बाहेरगावी, घरात सासू आजारी, अशा बाईला तुम्ही त्या कलमाखाली बसवणार? ती दुसऱ्यांदा तसंच करते, कारण दुसऱ्यांदाही तिच्याबरोबर कुणी नसतं. तुम्ही गाडीशी उभ्या राहता ना, मग पुढच्या वेळी तिला म्हणा, ‘जा, औषध घेऊन या, मी थांबते इथे.’

ताई : मी रोज तिथे नसते.

वहिनी : पोलीसही रोज तिथे नसतात.

ताईनं मान्य केलं नाही. तिचं म्हणणं असं की एखाद्या बाईला भीती वाटली म्हणून जर एक लेकरू वाचत असेल, तर ती भीती तिला चालेल. वहिनीचं म्हणणं असं की ज्या आईला भीती वाटते ती पुढच्या वेळी मूल घरीच एकटं ठेवून जाईल, आणि तिथे काचेतून बघायलाही कुणी नसेल. मला वहिनीचं पटतं. ताईला ते मी सांगितलं, आणि तिनं मला विचारलं की तू कधी असं मूल हातात घेतलंयस का. मी घेतलेलं नाही.